भिंतीवरच्या छायाचित्रासाठी



मोठ्या आकाराचे इंकजेट मुद्रण आपण कधी पाहिलेच नाही, असे तुमच्यापैकी कोणी म्हणू शकणार नाही. आमच्या देवगाव फाट्यावर मंठा, सेलू आणि जिंतूर या तिन्ही बाजूंचे रस्ते जेथे भेटतात, तेथे ते बाराही महिने उभे असते. कधी वाढदिवसाच्या शुभेच्छा, कधी निवडीबद्दल अभिनंदन, कधी भावपूर्ण श्रद्धांजली. फ्लेक्सवरचा तो दहा फुटी चेहराही शाईच्या बारीक थेंबांचाच बनलेला असतो. मात्र ती शाई प्लास्टिकच्या कापडाला धरून राहणारी असते आणि तो चेहरा धावत्या एसटीतून पाहण्यासाठी छापलेला असतो. उन्हाळ्यात त्यातील लाल आणि पिवळा रंग आधी उडतो, माणूस निळसर दिसू लागतो, आणि पावसाळ्याच्या तोंडावर तो फ्लेक्स कोणाच्या तरी कडब्याच्या गंजीवर झाकण म्हणून जातो. त्याच्याकडून याहून अधिक अपेक्षाही कोणी केलेली नसते.

मला हवे होते ते नेमके उलट प्रकारचे चित्र. घरातल्या भिंतीवरचे, तीन फुटांवरून पाहायचे आणि आज पाळण्यात असलेले मूल मोठे होईल तेव्हाही ओळखू येईल असे. परिसरातील घरांमधून जुनी छायाचित्रे मिळवून त्यांच्या प्रती करून देण्याचा नाद मला शाळेच्या नोकरीत असल्यापासून आहे. त्यासाठी घरी एक मोठा फोटो प्रिंटर घ्यावा, असे ठरले तेव्हा निवड करायला मला जवळजवळ एक वर्ष लागले. त्या वर्षात मी कंपन्यांची माहितीपत्रके पुष्कळ वाचली. परंतु सर्वांत उपयोगी माहिती मला घराघरांतील भिंतींनी दिली.

तुम्हीही आपल्या घरी हे पाहू शकता. आजोबा-पणजोबांचे कृष्णधवल छायाचित्र असेल, तर ते काढा. कडेने पिवळे पडले असेल, कसरीने कुरतडले असेल, पण डोळे, मिशा, पागोट्याचे पेच अजून स्पष्ट असतील. आता १९८० ते १९९० च्या दरम्यानच्या एखाद्या लग्नाचा रंगीत अल्बम उघडा. पेटीत बंद असूनही त्यातील वऱ्हाडी मंडळी तांबूस झालेली दिसतील; हिरवा शालू कोणता आणि निळा कोणता, हे सांगणे कठीण जाईल. नवे चित्र आधी विटले आणि जुने टिकले, याचे कारण रसायनात आहे. कृष्णधवल छायाचित्रातील काळेपणा म्हणजे चांदीचे सूक्ष्म कण. ते जिलेटिनच्या थरात रुतून बसलेले असतात. रंगीत छायाचित्रात चांदी धुऊन काढलेली असते आणि मागे उरतात ती केवळ रंजकद्रव्ये. त्या काळच्या अनेक कागदांत निळसर रंजक सर्वांत दुबळे होते. ते अंधारातही झिजत गेले आणि लाल तेवढा उरला.

इंकजेटच्या दुकानात तुमच्यासमोर हाच प्रश्न दुसऱ्या नावाने येतो. दुकानदार विचारतो, डाय शाई हवी की पिगमेंट? डाय म्हणजे द्रवात पूर्ण विरघळलेला रंग, पाण्यातील साखरेसारखा. पिगमेंट म्हणजे न विरघळणारे अतिसूक्ष्म रंगकण, द्रवात तरंगत ठेवलेले. विरघळलेला रंग कागदाच्या लेपात खोल शिरतो, चमकदार दिसतो, पण प्रकाश आणि हवेतील ओझोन त्याच्या रेणूंना सहज गाठतात. कण मात्र वरवर बसतो आणि कणाचा बाहेरचा थर झिजला तरी आतला रंग शिल्लक राहतो. मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला हे नवे वाटू नये. आपल्या हस्तलिखित पोथ्या ज्या शाईने लिहिल्या गेल्या, ती दिव्याची काजळी डिंकाच्या पाण्यात खलून केलेली असे. काजळी म्हणजे कार्बनचे कण. आजच्या महागड्या काळ्या पिगमेंट शाईतही कार्बनचेच कण असतात. पोथीचा कागद तपकिरी होऊन तुटू लागला तरी अक्षर काळेच राहते, हे आपल्या लेखनिकांना प्रयोगशाळेविना ठाऊक होते.

जगाने हा धडा पुन्हा एकदा गिरवला. ग्रॅहम नॅश हा इंग्लंडमध्ये जन्मलेला, अमेरिकेत स्थायिक झालेला गायक हौशी छायाचित्रकारही होता. त्याने छपाईच्या व्यवसायात नमुना-प्रती काढण्यासाठी वापरले जाणारे आयरिस नावाचे इंकजेट यंत्र सव्वा लाखाहून अधिक डॉलर मोजून घेतले, जाड कागद चालावा म्हणून सहकाऱ्यांच्या मदतीने त्यात फेरफार करून घेतले, आणि १९९१ मध्ये मॅक होल्बर्ट या मित्राबरोबर कॅलिफोर्नियात छायाचित्र-मुद्रणशाळा उघडली. त्या मुद्रितांचे सौंदर्य वादातीत होते. शाई मात्र विरघळणारी होती आणि भिंतीवर ती फिकी पडू लागली. पुढच्या दहा वर्षांत सारा प्रवाह पिगमेंट शाईकडे वळला, त्यामागे ही निकड होती. नॅशचे ते पहिले यंत्र आज वॉशिंग्टनमधील राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

शाईच्या टिकाऊपणाचे आकडे कंपन्या मोठ्या हौसेने छापतात. अमुक कागदावर शंभर वर्षे, तमुक कागदावर दोनशे. या क्षेत्रात हेन्री विल्हेल्म यांच्या चाचण्यांना मान आहे, आणि तो योग्यच आहे. पण त्या चाचण्यांचे गृहीत वाचावे. दिवसातून १२ तास ४५० लक्स प्रकाश, काचेची चौकट, २४ अंश तापमान, ६० टक्के आर्द्रता. आमच्या परभणी जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या वर जातो. भिंतीवरच्या तसबिरीपुढे उदबत्ती जळते, काचेला कुंकू लागते, पावसाळ्यात त्याच भिंतीला ओल येते. म्हणून त्या आकड्यांचा उपयोग दोन शायांची तुलना करण्यापुरता करावा. आपल्या भिंतीची मुदत त्यांतून काढू नये. तुलनेत पिगमेंट पुढे होते, एवढे मला पुरे होते.

शाईचा निर्णय असा झाला. आकाराचा निर्णय माझ्या मनात बराच काळ लोंबकळत होता आणि तो शेजारच्या एका आजींमुळे लागला.

त्यांचे यजमान वारले तेव्हा घरात त्यांचा एकच फोटो होता, बँकेच्या पासबुकावर चिकटवलेला, कान आणि खांद्यावर जांभळा गोल शिक्का उमटलेला. एका स्टुडिओतून मुलाने तो मोठा करून आणला होता. चेहरा गुळगुळीत, रंग उजळ, आणि मानेखाली कोट व टाय. आजी ते चित्र पिशवीत घालून माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, “गुरुजी, यांनी उभ्या जन्मात कोट घातला न्हाई. हा माणूस माझा न्हाई. पासबुकातला घ्या. मोठा करा, पण दुसरंच माणूस करू नगा.”

आता हिशेब पाहा. पासबुकावरील फोटो ३५ मिलिमीटर रुंद आणि ४५ मिलिमीटर उंच असतो. स्कॅनरवर तो इंचाला १२०० बिंदू या दराने वाचला, तर साधारण १६५० गुणिले २१२५ बिंदू मिळतात. हाताच्या अंतरावरून पाहायचे मुद्रण इंचाला ३०० बिंदू या दराने चांगले उतरते. म्हणजे साडेपाच इंच गुणिले सात इंच. इंचाला २०० पर्यंत खाली आलो, तर आठ गुणिले दहाच्या आसपास जाता येते. तोही मूळ फोटो चांगला असेल तर. एरवी बिंदू वाढतात, तपशील वाढत नाही. याच्यापुढे जे काही मोठे होईल ते त्या माणसाचे नसेल. हल्ली मोबाइलमधील साधने पापण्यांचा केस न् केस काढून देतात, परंतु ते केस कोणाचे असतात? शिक्क्याचेही तसेच झाले. फोटो कृष्णधवल आणि शिक्का जांभळा असल्यामुळे स्कॅनचा केवळ लाल रंगाचा भाग घेतला तेव्हा कानावरचा शिक्का जवळजवळ मावळला. खांद्यावर तो गडद होता, खाली काय आहे ते दिसत नव्हते. तेवढा तो मी राहू दिला.

तेव्हा माझ्यासारख्याच्या कामात मूळ छायाचित्रच आकाराची मर्यादा घालून देते. उलट बाजूही होती. चारठाण्याची जुनी मंदिरे, बारव आणि उंच स्तंभ यांची छायाचित्रे मी चांगल्या कॅमेऱ्याने घेतली आहेत. २४ मेगापिक्सेलच्या चित्रात ६००० गुणिले ४००० बिंदू असतात. ते ३०० च्या दराने २० गुणिले १३ इंच भरते. १३ गुणिले १९ इंचांच्या कागदाला, म्हणजे ज्याला ए-थ्री प्लस म्हणतात त्याला, ते अगदी पुरेसे आहे. १७ इंच रुंदीचे यंत्र घेतले तर त्याहून मोठे चित्र निघेल, २४ इंची घेतले तर त्याहूनही. पण २४ इंची यंत्र घराच्या खोलीत आले, की खोली यंत्राची होते. आमच्या बैठकीच्या भिंतीवर दार, खिडकी आणि देवघर वगळता साडेतीन फूट जागा उरते.

माझी यादी शेवटी चार यंत्रांवर आली. एप्सनचे एल १८००, सहा रंगांचे, बाटलीने शाई ओतायचे, १३ इंची, डाय शाईचे. त्याच कंपनीची शुअरकलर पी ७०० आणि पी ९००, दोन्ही दहा पिगमेंट शायांची, पहिले १३ इंची, दुसरे १७ इंची. आणि कॅननचे प्रो-१०००, १७ इंची, बारा टाक्यांचे, ३२ किलो वजनाचे. बाटलीच्या यंत्राची शाई फार स्वस्त पडते, हे मान्य केले पाहिजे. वाढदिवसाचे, बारशाचे, शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो भराभर छापून द्यायचे असतील, तर मी कोणालाही तेच सुचवीन. मला अडचण आली ती करड्या रंगाची. त्या यंत्रात काळी शाई एकच, त्यामुळे करडी छटा उठवण्यासाठी त्याला रंगीत शायांचे थेंब मिसळावे लागतात. मग आजोबांचा सदरा एका बाजूने किंचित हिरवा आणि दुसऱ्या बाजूने गुलाबी दिसू शकतो. पिगमेंटच्या यंत्रांत काळ्याबरोबर करडी आणि फिकट करडी अशा स्वतंत्र शाया असतात. माझ्याकडे येणारी निम्मी छायाचित्रे कृष्णधवल. ज्याचे काम रंगीत छायाचित्रांचेच आहे, त्याने या दोन शायांसाठी पैसे मोजण्याचे कारण नाही.

जाता जाता सांगतो, अनेक शायांची ही कल्पना आपल्या भिंतींना जुनी आहे. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये घाटकोपरला शिळाप्रेस काढला आणि लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रे घरोघरी गेली. त्यांत प्रत्येक रंगछटेसाठी वेगळा दगड असे आणि तोच कागद एकामागून एक त्या दगडांवर तंतोतंत बसवून छापावा लागे. आज ते काम दीड पिकोलिटरचे थेंब करतात. एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. कॅननमध्ये १९७७ साली इचिरो एन्डो या संशोधकाच्या हातून तापलेली डाख देण्याची सळई शाई भरलेल्या सुईला लागली, शाई उडाली आणि उष्णतेने थेंब फेकण्याचा मार्ग सापडला. एप्सनच्या यंत्रात उष्णतेऐवजी विजेने आकुंचन-प्रसरण पावणारा स्फटिक थेंब ढकलतो. घरच्या ग्राहकाला या भेदाने फारसा फरक पडत नाही.

फरक पडतो तो वीज आणि हवेमुळे. पिगमेंट शाईचे कण वाळले की नोझल बंद करतात. कारागिरांच्या भाषेत हेड चोक होते. प्रिंटर त्याच्याच बटणाने बंद केला, तर तो आपले हेड टोपीखाली नेऊन झाकतो. छपाई चालू असताना वीज गेली, तर हेड उघडेच राहते आणि आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत हवा अशी कोरडी असते, की दुपारपर्यंत ओला टॉवेल कडक होतो. बहुतेक घरगुती यंत्रांना ३५ अंशांपर्यंतचेच तापमान मानवते. म्हणजे जी शाई भिंतीवर सर्वांत जास्त टिकणार, ती यंत्रात सर्वांत जास्त सांभाळावी लागणार. दुरुस्तीचा माणूस यायचा तो परभणी, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरहून. फाट्यावर त्याची वाट किती दिवस पाहायची?

या टप्प्यावर पत्नीने मला विचारले, “अहो, महिन्याला फोटो किती छापणार, ते आधी लिहून काढा. यंत्र मग बघा.” कापसाचे पैसे नुकतेच आले होते आणि ते कुठे जाणार, हे ठरवण्याचा तिचा अधिकार माझ्याइतकाच होता. मी लिहून काढले. मोठे फोटो महिन्याला दहा-बारा, उन्हाळ्यात त्याहून कमी.

तिचा प्रश्न निर्णायक ठरला. पी ९०० ची एक शाईपेटी ५० मिलिलिटरची, पी ७०० ची २५ ची. मोठ्या पेटीतील शाई मिलिलिटरमागे स्वस्त पडते, म्हणून माझा कल मोठ्या यंत्राकडे होता. परंतु पेटी बसवल्यावर सहा महिन्यांत संपवावी, असे कंपनी सांगते. महिन्याला दहा-बारा फोटो छापणाऱ्याच्या दहा मोठ्या पेट्या त्या मुदतीत संपत नाहीत. स्वस्त शाई शिळी होते. प्रो-१००० च्या पेट्या तर ८० मिलिलिटरच्या. शिवाय पी ७०० मध्ये गुंडाळीचा कागद लावण्याची सोय अंगचीच आहे, पी ९०० ला ते साधन वेगळे घ्यावे लागते. चारठाण्याचा स्तंभ १३ इंच रुंद आणि ३९ इंच उंच असा एका कागदावर उतरवता येणे, हा माझ्यासाठी लहानसहान लाभ नव्हता. आम्ही १३ इंची घेतले.

एक गोष्ट माहितीपत्रकात ठळक नसते. नवे यंत्र पहिल्यांदा सुरू करताना नळ्या आणि हेड भरण्यातच सोबतच्या पेट्यांतील बरीच शाई जाते, आणि पुढे प्रत्येक साफसफाईत काही शाई वाया जाऊन देखभालीच्या टाकीत साठते. अंदाजपत्रकात यंत्राच्या किमतीबरोबर शाईचा एक पूर्ण संच, एक जादा टाकी, कागद आणि यूपीएस धरा. यूपीएस चैनीची वस्तू नाही. वीज गेल्यावर चालू फोटो पुरा करून हेड झाकण्याइतकी पाच-दहा मिनिटे तो देतो. आमच्याकडे दर रविवारी सकाळी नोझलच्या तपासणीची एक पट्टी छापली जाते, फोटोचे काम असो वा नसो. उन्हाळ्यात खोलीत कूलर चालतो. त्याच्या ओलसर हवेने शाई वाळत नाही, पण त्याच हवेने कागद वळतो, म्हणून कागदाचा गठ्ठा पिशवीत बंद करून दुसऱ्या खोलीतील कपाटात आडवा ठेवलेला असतो. रस्त्यावरची धूळ फाट्याच्या घरांना चुकत नाही. यंत्रावर जुन्या धोतराचे दुपदरी कापड असते.

कागदाविषयी थोडेसे. इंकजेटच्या कागदावर शाई धरून ठेवणारा लेप असतो. दौलताबादजवळ कागजीपुऱ्याला हातकागदाची परंपरा फार जुनी आहे आणि त्या कागदावर छापावे, असे मला फार वाटे. छापूनही पाहिले. लेप नसल्यामुळे शाई तंतूंतून पसरते, काळा करडा होतो. त्या कागदाचा उपयोग आता मी फोटोमागचा मजकूर लिहिण्यासाठी करतो. भिंतीवरच्या कामासाठी जाड, चमक नसलेला सुती कागद उत्तम. खिडकीसमोरच्या भिंतीवर चकाकणारा कागद लावला, तर आजोबांऐवजी खिडकीच दिसते. चौकटीची काच मुद्रिताला चिकटू देऊ नये, मधे पुठ्ठ्याची पट्टी असावी. नाहीतर पावसाळ्यात कागद काचेला धरतो आणि सुटत नाही. दुपारचे ऊन पडणारी भिंत टाळावी, हे सांगायला नकोच.

आजींसाठी मी पासबुकातील चित्र सात इंच गुणिले नऊ इंच छापले, भोवती रुंद पांढरी कोरी कड सोडली, म्हणजे चौकट मोठी आणि माणूस त्याच्या मापाचा. डोक्यावर टोपी आहे, वरची गुंडी उघडी आहे, खांद्यावर अर्धा शिक्का आहे. आजींनी तो चष्म्याजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. “आता बरं,” एवढेच म्हणाल्या आणि सुनेला खिळा कुठे ठोकायचा, ते सांगू लागल्या.

प्रत्येक मुद्रिताच्या मागे मी हातकागदाची चिठ्ठी लावतो. तीवर शिसपेन्सिलीने नाव, गाव, मूळ फोटो कुठून मिळाला, कोणी ओळखला आणि छापल्याची तारीख लिहितो. पेन्सिलीचे शिसे हेही कार्बनच. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या समूहछायाचित्रांच्या मागे बहुधा स्टुडिओच्या शिक्क्याखेरीज काहीच नसते. परवाच एका घरून आलेल्या फोटोत ओसरीवर सात बाया बसलेल्या आहेत. चेहरे इतके स्पष्ट, की नथीचे मोती मोजता यावेत. सहा जणींची नावे घरच्यांनी सांगितली. डावीकडून दुसरी कोण, हे सांगणारे त्या घरात आता कोणी नाही. चिठ्ठीवर तेवढी जागा मी मोकळी ठेवली आहे.